आप्पारावांचा राहण्याचा पत्ता

आप्पारावांना पोहता येत नव्हते, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवूनही ठेवली नाही. धर्मापुरीपासून दीड कोसावर असलेल्या हिंगणवाडीत पोहणे शिकावे एवढे पाणी त्यांच्या बावन्न वर्षांच्या आयुष्यात फार तर पाच-सहा पावसाळ्यांत साचले असेल. आणि ज्या वर्षी ते साचले, त्या वर्षी शेतातून मान वर काढायला कोणाला सवड नव्हती. असे असूनही महिन्यातले पंधरा दिवस ते मुंबईच्या एका नौकातळात, म्हणजे नौका बांधून ठेवण्याच्या धक्क्यावर, बेचाळीस फूट लांबीच्या यांत्रिक नौकेवर राहत असत. तिथेच भाकरी थापत, तिथेच झोपत, आणि सकाळी उठून समुद्राला नमस्कार करून खारे डाग पुसायला लागत.

पहिल्या खेपेला निघताना पत्नी साखराबाईंनी त्यांना दारात अडवले होते.

"अवो, पोहाया येत न्हाई आन् निघालाव समुद्रावर. बुडलाव म्हंजे?"

"बुडायला पाणी लागतंय. ते तिथं हाय, ह्याचीच मला खुशी हाय," आप्पाराव म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावून घाटनांदूरच्या स्टेशनाकडे चालू लागले.

मेंढपाळाच्या घरात जन्मलेला हा माणूस नौकेवर पोहोचला तो इंजिनामुळे. हिंगणवाडीच्या बंधाऱ्यावर गावकऱ्यांनी उभारलेली एक उपसा जलसिंचन सहकारी संस्था होती. तिचे वीस अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पंचवीस वर्षे आप्पारावांच्या हाताखाली चालले. त्या इंजिनाचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. थंडीत ते कसे रुसते, कोणत्या बोल्टाला किती पीळ सोसतो, धुराचा रंग पालटला की काय समजावे, हे सारे त्यांनी कोणत्याही पुस्तकाविना आत्मसात केले होते. पुढे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, बंधाऱ्यात चिखलाच्या पापड्या पडल्या, आणि इंजिन बंद झाले. तेव्हा तेलगावचे रामहरी, जे आधीपासून मुंबईत नौकेवर कामाला होते, त्यांना म्हणाले, "इंजन ते इंजनच. जमिनीवर असो का पाण्यावर. पंधरा दिवस तू, पंधरा दिवस मी."

नौका एका शेठजींची होती. ते महिन्यातून एखाद्या रविवारी येत. उरलेले सर्व दिवस नौकेला एक माणूस लागे. तळात झिरपलेले पाणी उपसायचे, इंजिन रोज पाव तास फिरवायचे, पितळ घासायचे, दोर पाहायचे. आप्पारावांनी या कामांना आपल्या पद्धतीची शिस्त लावली. नौकेवरची गोड्या पाण्याची टाकी इतर नौकांवर चार दिवसांत रिती होई. आप्पाराव तीच टाकी अकरा दिवस पुरवीत. तोंड धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, त्यात फडके भिजवायचे आणि त्या फडक्याने काचा पुसायच्या. हे पाहून शेजारच्या नौकेवरचा मालवणी खलाशी एकदा हसून म्हणाला, "अहो, नळ आसा समोर."

"नळाला पाणी हाय म्हनून सांडायचं व्हय?" आप्पारावांनी इतक्या निरागसपणे विचारले की त्या दिवसापासून तो खलाशीही तोटी घट्ट बंद करू लागला.

पंधरा दिवस सरले की रामहरी येत, आणि आप्पाराव पनवेलहून सुटणारी गाडी पकडून घरी परतत. घरी आल्यावर पहिले काम ठरलेले असे. बंधाऱ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत जायचे, इंजिनावरची धूळ झटकायची, हँडलने चाक दोन-चारदा हाताने फिरवायचे आणि तेलाचे बोट लावून परत यायचे.

"तिकडलं इंजन पगार देतंय," साखराबाई म्हणत, "आन् हे?"

"हे आपलं हाय," आप्पाराव म्हणत.

सन दोन हजार पंधराच्या वैशाखात त्या संस्थेच्या संचालक मंडळाची निवडणूक लागली. अध्यक्ष भगवानराव यांनी आधीच बोलून ठेवले होते की, आता या लोखंडाचा उपयोग नाही; परळीच्या भंगारवाल्याला इंजिन आणि नळ देऊन टाकावेत आणि संस्थेला कुलूप लावावे. भगवानराव वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना गंजलेली वस्तू डोळ्यांसमोर सोसवत नसे, इतकेच. मात्र संस्थेच्या उपविधीत एक अट होती: यंत्रसामग्री विकायची तर सर्व संचालकांचे एकमत हवे. म्हणजे सात संचालकांपैकी एकाने जरी हात खाली ठेवला, तर इंजिन जागचे हलणार नव्हते. आप्पारावांना तो एक न उठणारा हात व्हायचे होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उमेदवारी अर्ज भरला. सात जागांना आठ अर्ज आले, आणि आठवा अर्ज तेवढा भगवानरावांच्या गटाबाहेरचा होता.

भगवानरावांनी उपविधी काढून वाचले आणि एकतिसाव्या उपविधीवर बोट ठेवले. संचालकपदाचा उमेदवार संस्थेच्या कार्यक्षेत्रात कायम वास्तव्य करणारा असावा.

"आप्पाराव ऱ्हातो कुटं?" त्यांनी आपल्या माणसांना विचारले. "मुंबईत. पाण्यावर. हे शाबित झालं की अर्ज बाद, आन् आपन सातजन बिनविरोध."

पुरावा आणण्याचे काम राधाकिशन यांच्याकडे आले. राधाकिशन हे आप्पारावांचे साडू. साखराबाईंची धाकटी बहीण मनकर्णा त्यांच्या घरी दिलेली. ऊसतोडीहून ते नुकतेच परतले होते, हाती काम नव्हते, आणि मुंबई त्यांनी कधी पाहिली नव्हती. मनकर्णाने मात्र त्यांना बरेच सुनावले.

"माज्या दाजीच्या इरोधात पुरावा आनाया निघालाव, तर ही चटनी बी त्यास्नी द्या. ताईनं दिलीया."

अशा रीतीने राधाकिशन विरोधाचा कागद आणायला आणि कारळाची चटणी पोहोचवायला, अशा दोन्ही कामांनी निघाले.

नौकातळाच्या फाटकावर ते सकाळी नऊच्या सुमारास उतरले. त्यांना पाहताच आप्पाराव धावत आले.

"आरं, राधाकिशन! इकडं कसा काय बे?"

राधाकिशन खोटे बोलण्यात कच्चे होते. त्यांनी सारे खरे सांगून टाकले. आप्पारावांनी शांतपणे ऐकले, चटणीची पुडी उघडून वास घेतला आणि म्हणाले, "बरं झालं आलास. पैलं जेव. पुरावा कुटं पळून जात न्हाई."

दगडी धक्क्यावरून एका फळीने नौकेत उतरायचे होते. राधाकिशन ती फळी बसून, सरकत सरकत उतरले. डाळ-भाकरी झाली, चटणी झाली. मग आप्पाराव म्हणाले, "पडावं जरा. मी डिझेलचा फिल्टर घेऊन येतो. दोन-तीन घंटे लागतील. कशाला हात लावू नको."

ते गेले. दुपारचे बारा वाजत आले होते. राधाकिशन थोडे पडले, मग उठून बसले, मग इकडे-तिकडे पाहू लागले. त्यांच्या डोळ्यांना एक गोष्ट खुपली. नौका धक्क्याला दोन दोरांनी बांधलेली होती, आणि ते दोन्ही दोर ढिले, पाण्यापर्यंत लोंबत होते. नौका त्या दोरांमध्ये हलकेच पुढे-मागे सरकत होती. राधाकिशनांच्या घरी जन्मभर बैलजोडी होती. दावे इतके लांब सोडले तर बैल शेजारच्याच्या कडब्यात तोंड घालतो, पायात गुंतून पडतो, आणि मग घरधन्याच्या हयगयीची गावभर चर्चा होते. आपल्या साडूची अशी बेफिकिरी पाहून त्यांना मनापासून वाईट वाटले. त्यांनी हात न लावण्याची सूचना विसरून दोन्ही दोर आत ओढले, नौका धक्क्याला अंगासरशी लावली, आणि बैल खुंट्याला बांधतात तशी आखूड, घट्ट गाठ मारली. मग समाधानाने सावलीत जाऊन झोपले.

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. त्या धक्क्याशी ते दोन पुरुष खाली जाई. राधाकिशनांनी गाठी मारल्या तेव्हा भरती पूर्ण झालेली होती. पाणी पुढे उतरू लागले. नौका मात्र उतरू शकेना.

तीन वाजता राधाकिशनांना जाग आली ती पातेले अंगावर आदळल्याने. त्यांनी डोळे उघडले तर नौकेचा कठडा वर आणि पाणी कुशीला. दोर तारांसारखे ताणले गेले होते, लाकूड करकरत होते, आणि बेचाळीस फुटांची ती नौका धक्क्याला फासावर दिल्यासारखी तिरकी लटकली होती.

"आप्पा! आवो आप्पा! बोट उलथायली!" ते कठड्याला मिठी मारून ओरडू लागले. शेजारचा मालवणी खलाशी धावत आला, आणि त्याच वेळी फाटकातून फिल्टर घेऊन आप्पारावही आले.

आप्पारावांनी एकदा खाली पाहिले आणि घाई केली नाही. ताणलेल्या गाठी हाताने सुटणार नव्हत्या. तोडल्या तर नौका धाडकन पाण्यावर आपटली असती. त्यांनी दोन जास्तीचे दोर मागवले, नौकेच्या खुंटांना अडकवले आणि धक्क्यावरच्या लोखंडी खांबांना प्रत्येकी चार-चार वेढे दिले. बंधाऱ्यालगतच्या संस्थेच्या विहिरीत त्यांनी पंप कितीदा असाच उतरवला होता. मग गावाहून आणून नौकेत ठेवलेला ऊसतोडीचा कोयता काढून त्यांनी आधी एक दोर तोडला, नंतर दुसरा. भार वेढ्यांवर आला. "सोड… सोड… थांब… आता सोड," असे म्हणत त्यांनी आणि खलाशाने मिळून वेढे हळूहळू ढिले केले, आणि नौका पाण्यावर टेकली तेव्हा साधा चुबुक एवढाच आवाज झाला.

तेवढ्यात धक्क्याचा मुकादम नोंदवही काखेत मारून हजर झाला.

"कोणी बांधली ही अशी?"

राधाकिशनांनी तोंड उघडले, पण त्यांच्या आधी आप्पाराव बोलले, "म्या."

"दोन वर्षं झाली तुम्हाला इथे! पुन्हा झालं तर शेठना कळवीन, आणि नोकरी जाईल." मुकादमाने नोंदवहीत शेरा लिहिला आणि पाय आपटीत निघून गेला.

"आप्पा, गाठ माझी हुती," राधाकिशन पुटपुटले. "तुमी कावून आपल्या अंगावर घेतलं?"

"तू पाव्हना. पाव्हन्याचं नाव वहीत घालतेत व्हय? आन् म्याबी पैल्या हप्त्यात हेच केलतं. बैलं बांधूनच हात तयार झालेत आपले."

त्यानंतर वारा सुटला, नौका जरा डुलू लागली, आणि राधाकिशनांच्या पोटातील डाळ-भाकरी चटणीसह समुद्राला अर्पण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना आडवे होता येईना आणि बसताही येईना. आप्पारावांनी त्यांना लिंबू चाटवले, धक्क्यावर नेऊन दगडावर बसवले, आणि ते बरे होईपर्यंत शेजारी बसून गावातल्या प्रत्येक म्हशीची खुशाली विचारली.

सकाळी निघताना राधाकिशन फाटकापाशी घोटाळले.

"पुरावा न्यायचा न्हाई का?" आप्पारावांनीच आठवण केली.

"ऱ्हाऊ द्या."

"आसं कसं? साडू म्हनून आलास, रिकाम्या हातानं धाडू का? भगवानराव तुला टाकून बोलतील." आणि आप्पारावांनी स्वतः मुकादमाकडे जाऊन, त्याची मनधरणी करून, नोंदवहीच्या त्या पानाची शिक्का मारलेली प्रत राधाकिशनांच्या हाती ठेवली. त्यावर दोन ओळी होत्या. पहिली, 'आप्पाराव, नौकेवर कायम निवासी.' दुसरी, 'दोर चुकीचे बांधले. ताकीद दिली.'

साखराबाईंना हे पुढे कळले तेव्हा त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "सोताच्या मानंवर सुरी ठिवायला सोताच धार लावून देनारा मानूस मी दुसरा बघितला न्हाई!" आप्पारावांनाही त्या रात्रीपासून झोप कमी लागू लागली हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. अर्ज बाद झाला असता तर महिन्याभरात इंजिन परळीच्या रस्त्याला लागले असते.

अर्जांच्या छाननीला तालुक्याहून एक तरुण बाई निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून आल्या. संस्थेच्या कार्यालयात पंखा फिरत नव्हता. दारे-खिडक्या उघड्या टाकून सभासद दाटीवाटीने बसले होते. सात अर्ज वैध ठरले. आठवा निघताच भगवानराव उभे राहिले आणि त्यांनी लेखी हरकत वाचून दाखवली.

"उमेदवार कार्यक्षेत्रात राहत नाहीत, असं म्हणणं आहे," बाई म्हणाल्या. "आप्पाराव, तुम्ही कुठे राहता?"

"पंधरा दिवस हितं, पंधरा दिवस बोटीवर. कामाला."

मागून दगडाबाई नावाच्या एक वृद्ध सभासद ओरडल्या, "आमीबी सा म्हैने कारखान्यावर पाचटाच्या झोपड्यात, कोपीत ऱ्हातो की, बाई! मग आमच्या भगवानरावाच्या सात उमेदवारांतले तिगं बी ऊसतोडीला जातेत. त्यास्नीबी काढा!"

हशा पिकला. भगवानराव लाल झाले. "कोपी येगळी. कोपी हंगामापुरती. आप्पारावाचा तिथं कायमचा शिक्का हाय. राधाकिशन, कागद काढ बे!"

राधाकिशनांनी खिशातून कागद काढला. चार घड्या घातलेला तो कागद त्यांनी उघडला, टेबलावर ठेवला, आणि त्यावर हात ठेवून उभेच राहिले. आप्पारावांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

अधिकारी बाईंनी कागद वाचला. "कायम निवासी. शिक्का आहे. तुम्ही हा स्वतः आणलात?"

"व्हय, म्याडम."

"म्हणजे यातला मजकूर खरा आहे, असं तुम्ही सांगता."

राधाकिशनांनी एकदा भगवानरावांकडे पाहिले आणि एकदा साडूंच्या पाठीकडे. "एक सांगू का, म्याडम? दुसरी वळ वाचा. दोर चुकीचे बांधले, आप्पारावानं. ती वळ खोटी हाय. दोर म्या बांधलते. मुकादमानं इचारलं तवा आप्पानं माझं नाव झाकलं. म्या उभा हुतो, माझ्या डोळ्यांदेखत खोटं लिवलं." त्यांनी घाम पुसला. "आता खालची वळ खोटी, तर वरची खरी कशावरनं? मुकादम ज्यानं जे सांगितलं ते लिवतो. आन् ऱ्हायचं म्हनाल, तर त्या बोटीवर मानूस ऱ्हाऊच शकत न्हाई. म्या एक दिस हुतो. पोटातलं सगळं भाईर आलं. तिथं मानूस काम करतो आन् जीव धरून बसतो. ऱ्हानं त्याला म्हनत न्हाईत."

भगवानराव खुर्चीतून अर्धे उठले. "आरं बे, तू कुनाच्या बाजूनं बोलायलास?"

"तुमच्याच. पर दोर माझा हुता, त्याला म्या काय करू?"

यावर दगडाबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की बाहेरच्या लिंबाखालची माणसेही दारात जमली. अधिकारी बाईंनी हसू आवरायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. मग त्यांनी मतदार यादी तपासली, शिधापत्रिका पाहिली, घराची नोंद पाहिली आणि लिहिले: उमेदवाराचे कुटुंब, शेती व घर कार्यक्षेत्रात आहे, कामासाठी बाहेर जाणे म्हणजे वास्तव्य सोडणे नव्हे, सादर केलेला कागद स्वतः आणणाऱ्यानेच अविश्वसनीय ठरवला आहे. हरकत फेटाळली.

निवडणूक झाली. आप्पाराव सातव्या क्रमांकाने, थोड्या मतांनी, पण निवडून आले. पहिल्या सभेत इंजिन विकण्याचा ठराव मांडला गेला. सहा हात वर झाले आणि एक हात मांडीवर राहिला. भगवानरावांनी ठराव नामंजूर झाल्याची नोंद स्वतःच्या अक्षरात, नीट समास सोडून केली. मग ते त्या मांडीवरच्या हाताकडे बघून म्हणाले, "आता ते गंजतंय का चालतंय, ते तूच बघ."

"बघू की आत्ताच," आप्पाराव म्हणाले.

मंडळी बंधाऱ्याकडे गेली. इंजिन थंड ठेवायला पाणी हवे होते. टँकरच्या वाट्याच्या दोन घागरी साखराबाई आणि मनकर्णा कुरकुरत घेऊन आल्या, आणि "इंजनाच्या पोटातनं भाईर आलं की म्हशीला पाजायचं," अशी अट घालूनच त्यांनी त्या पिंपात ओतल्या. राधाकिशनांनी हँडल फिरवले. पहिल्यांदा नुसता खोकला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आप्पारावांनी सवयीने झडप दाबून धरली आणि नेमक्या क्षणी सोडली, तसा काळा धूर पत्र्याला धडकला आणि दोन वर्षे मुके राहिलेले इंजिन ठक-ठक-ठक करीत कोरड्या बंधाऱ्यावर बोलू लागले.

माळावर शेळ्या चारणारी माणसे पळत आली. "पाणी आलं काय रं?" एकाने लांबूनच विचारले.

"आवाज आलाय," राधाकिशन हँडल खाली ठेवीत ओरडले. "पाणी मागनं येतंय!"

दहा मिनिटांनी आप्पारावांनी इंजिन बंद केले, कोमट झालेले पाणी म्हशींसमोर ठेवले, आणि खोलीला कुलूप लावून किल्ली साडूंच्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी आप्पारावांची नौकेवरची पाळी सुरू होणार होती, आणि रामहरी उशीर झालेला मुळीच खपवून घेत नसत.